अंथरुणावरच्या माणसाचा श्वास, नाडी, बीपी : घरी रोज कसं मोजायचं आणि कसं वाचायचं

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळताना कागदावर बहुधा एक ओळ असते : ‘व्हायटल्सवर लक्ष ठेवा’. व्हायटल्स म्हणजे श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, ताप या शरीराच्या मुख्य खुणा. ते कसं ठेवायचं, दिवसातून कितीदा, कोणत्या हातावर, आणि काय दिसलं की डॉक्टरांना फोन करायचा, हे समजावून सांगायला गर्दीच्या वॉर्डात कुणाला उसंत नसते. मग घरी ऑक्सिमीटर येतो, बीपीचं मशीन येतं, पहिले काही दिवस तासातासाला मोजणी चालते आणि नंतर दोन्ही कपाटात जातात. मी मुंबईत घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणारी नर्स आहे. पक्षाघात, खुब्याचं मोडलेलं हाड, पार्किन्सन, खूप पुढे गेलेला स्मृतिभ्रंश, अशा माणसांना सांभाळणारी मुलं-सुना, म्हातारे नवरा-बायको आणि रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेल्या मावशी यांच्यासाठी हे लिहिते आहे. यातल्या कशातही सुई टोचायची नाही, रक्त काढायचं नाही.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगते. पुस्तकातल्या ‘नॉर्मल’ आकड्यापेक्षा तुमच्या माणसाचा स्वतःचा रोजचा आकडा जास्त कामाचा असतो. ज्या बाबांचं वरचं बीपी वर्षानुवर्षं १५० असतं, त्यांचं एका सकाळी १०५ आलं तर मशीन त्याला उत्तम बीपी म्हणेल. पण बाबांच्या शरीरात काहीतरी बिघडलं आहे. हे त्यांचा रोजचा आकडा ठाऊक असलेल्या माणसालाच कळणार, आणि तो माणूस बहुतेक वेळा डॉक्टर नसतो, घरातला असतो.

पहिला आठवडा

घरी आल्यावर प्रकृती स्थिर असेल तर सलग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ सगळं मोजून लिहून ठेवा. एक दोनशे पानी वही घ्या आणि पेनासकट दोरीनं पलंगाला बांधा. सुटे कागद हरवतात आणि मोबाइल ज्याचा असतो त्याच्याबरोबर ऑफिसला जातो. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, श्वास, नाडी, ऑक्सिजन, बीपी, ताप, लघवी, किती खाल्लं, आणि शेवटी ‘आज कसे आहेत’ हे दोन-चार शब्दांत. हा शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. ‘टीव्ही लावा म्हणाले नाहीत’ अशा नोंदीनं मला कित्येकदा मशीनपेक्षा आधी सावध केलं आहे.

वेळ ठरलेली ठेवा. सकाळी बीपीची गोळी देण्याआधी आणि स्पंजिंगच्या (ओल्या कापडानं अंग पुसण्याच्या) आधी, संध्याकाळी जेवणाआधी. कूस बदलल्यावर, फिजिओथेरपीनंतर, डायपर बदलल्यावर किंवा राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) फीड दिल्यावर लगेच मोजलं तर नाडी आणि बीपी दोन्ही चढलेले दिसतात. माणूस शांत पडून पाच मिनिटं होऊ द्या. आणि हात लावण्याआधी, समोरून उत्तर येत नसलं तरी, ‘आई, आता बीपी बघते हं’ एवढं सांगा. न सांगता कुणी दंडाला पट्टा आवळला तर कोणीही दचकेल.

आठवडा झाला की वही डॉक्टरांना दाखवा आणि दोन गोष्टी त्यांच्या अक्षरात पहिल्या पानावर लिहून घ्या : कोणत्या आकड्याला फोन करायचा आणि कोणत्या आकड्याला थेट हॉस्पिटल गाठायचं. पुढे मी काही सर्वसाधारण मर्यादा देते आहे, पण तुमच्या डॉक्टरांनी दिलेले आकडे त्यांच्या वरचे.

श्वास

घरोघरी सगळ्यात कमी मोजली जाणारी आणि सगळ्यात आधी बोलणारी खूण ही आहे. छातीत कफ साठू लागला, लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला, हृदय थकू लागलं, की बहुतेक वेळा श्वासाचा वेग आधी वाढतो. ऑक्सिजनचा आकडा त्यानंतर पडतो, कारण शरीर जोरजोरात श्वास घेऊन तो काही काळ सावरून धरतं. म्हणजे ऑक्सिमीटरवर ९६ दिसतंय म्हणून निश्चिंत असलेल्या घरात माणूस मिनिटाला २६ श्वास घेत असू शकतो.

मोजायचं असं. माणसाला कळू न देता मोजा, कारण कुणी श्वास मोजतंय हे लक्षात आलं की तो आपोआप बदलतो. नाडी बघत असल्यासारखं मनगट धरा, तो हात त्यांच्या पोटाच्या वरच्या भागावर अलगद टेकवा आणि पोट किंवा पांघरूण वर येताना मोजा. वर आलं आणि खाली गेलं, तो एक श्वास. पंख्यानं चादर हलत असेल तर मिनिटभर पंखा बंद करा. मोबाइलवर पूर्ण ६० सेकंद लावा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणण्याची सवय या माणसांच्या बाबतीत सोडून द्या. मेंदूच्या किंवा हृदयाच्या आजारात श्वास एका लयीत चालत नाही : खोल होत जातो, उथळ होतो, मध्येच काही सेकंद थांबतो. पंधरा सेकंदांत नेमका तो थांबा सापडला तर सगळा हिशेब चुकतो. असा थांबा पहिल्यांदाच दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रौढ माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. वीसच्या वर गेला तर उशी-डोकं नीट करून अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर फोन करा. २५ किंवा त्याहून जास्त, अथवा ८ किंवा त्याहून कमी असेल तर थांबू नका. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या सुरू असतील तर मंद श्वासाकडे जास्त लक्ष हवं.

मोजतानाच डोळ्यांनी आणखी काही टिपा. नाकपुड्या फुलताहेत का, गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय का, घशात घरघर आहे का, बोलताना वाक्य तुटतंय का. अंथरुणावरच्या माणसाला अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका फार असतो, म्हणून भरवताना पाठ शक्य तेवढी उभी, निदान ३० ते ४५ अंशांत ठेवा आणि नंतर किमान अर्धा तास सपाट झोपवू नका. जेवल्यावर खोकला आला किंवा आवाज ओलसर झाला की वहीत लिहा आणि पुढचा दिवसभर श्वास चार-चार तासांनी मोजा.

नाडी

अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तुमची दोन बोटं ठेवा, अंगठा नको, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी जाणवते. इथेही पूर्ण मिनिट. ६० ते १०० हा सर्वसाधारण पट्टा. आकड्याबरोबर लय लिहा : एकसारखी की अडखळती. नव्यानं अडखळती झाली असेल तर ईसीजी लागतो.

मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर हे विशेष लक्षात ठेवा. या गोळ्या नाडीला वर चढू देत नाहीत. संसर्ग झाला, पाणी कमी पडलं, आतून रक्तस्राव झाला, तरी नाडी ७८ वर शांत दिसू शकते. अशा माणसाच्या बाबतीत नाडीवर विसंबू नका. श्वास आणि शुद्ध यांच्याकडे बघा.

ऑक्सिमीटर

कोविडमध्ये हे यंत्र घराघरात आलं, पण ते वाचायचं कसं हे फारसं पोचलं नाही. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश जातात, आणि रक्त त्यातला किती शोषतं यावरून यंत्र ऑक्सिजनचं प्रमाण काढतं. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात हे तत्त्व शोधलं. प्रकाश अडला, बोट गार असलं किंवा हाताला कंप असला की उत्तर बिघडणार. म्हणून नेलपॉलिश पुसून टाका, काळ्या मेंदीचं बोट टाळा, हात गार असतील तर चोळून किंवा पांघरुणात ठेवून गरम करा, आणि त्याच दंडावर बीपीचा पट्टा फुगत असताना ऑक्सिमीटर लावू नका. पार्किन्सनच्या थरथरत्या हाताऐवजी दुसऱ्या हाताचं बोट घ्या.

लावल्याबरोबर दिसणारा पहिला आकडा लिहू नका. मिनिटभर थांबा. त्यावर नाडीचाही आकडा येतो. तो तुम्ही मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळला तरच ऑक्सिजनचा आकडा खरा माना. या यंत्रात दोन-तीन टक्क्यांची चूक गृहीतच असते, आणि सावळ्या त्वचेवर ते खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवण्याकडे झुकतं. त्यामुळे ९३ आलं तर ‘जवळजवळ ठीक’ असं समजू नका.

९५ च्या वर ठीक. रोज ९७ असणारा माणूस ९४ वर आला तर श्वास मोजा आणि फोन करा. ९१ किंवा कमी असेल तर हॉस्पिटल. याला एक मोठा अपवाद आहे. अनेक वर्षं विडी ओढून, चुलीच्या धुरात राहून किंवा गिरणीच्या धुळीत काम करून फुप्फुसं कायमची खराब झालेल्या काही माणसांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवून देतात. त्यांना घाबरून जास्तीचा ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून ती गुंगीत जाऊ शकतात. कॉन्सन्ट्रेटरचं, म्हणजे घरी ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राचं, बटण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर फिरवू नका.

वारंवार प्रयत्न करूनही आकडाच येत नसेल आणि बोटं थंडगार असतील, तर यंत्राला दोष देण्याआधी बीपी घ्या. रक्तदाब कोसळला की बोटांपर्यंत रक्त पोचत नाही. नखावर पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख साधारण दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं.

बीपी

घरी सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्याचं कारण मशीनपेक्षा पट्टा आणि हाताची जागा हे असतं.

पट्टा आधी बघा. मशीनबरोबर येणारा नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, आणि तो आकडा पट्ट्यावर छापलेला असतो. खूप दिवस अंथरुणावर असलेल्या माणसाचा दंड बारीक झालेला असतो. शिवणाच्या टेपनं मोजा. घेर २२ पेक्षा कमी असेल तर लहान पट्टा मागवा, कारण मोठा पट्टा बारीक दंडावर बीपी खोटं कमी दाखवतो. जाड दंडावर लहान पट्टा उलट खोटं जास्त दाखवतो.

मग हात ठरवा. पक्षाघातात निकामी झालेला हात टाळा. डायलिसिसची फिस्टुला (त्यासाठी शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हातावर पट्टा कधीच लावायचा नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचाही हात नको. जो हात ठरेल तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे रात्रीच्या मावशी दुसरा धरणार नाहीत.

माणूस पाठीवर हवा. दंडाखाली घडी केलेला टॉवेल ठेवून तो छातीच्या मध्यावर, हृदयाच्या पातळीत आणा. हात गादीत खाली रुतलेला असेल तर आकडा वाढतो, वर उचललेला असेल तर घटतो. दर १० सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ चा फरक पडतो. कुशीवर झोपवून वरच्या हातावर मोजलं की बीपी उगाच कमी येतं ते यामुळेच, आणि त्या आकड्यावर गोळी बंद केलेली घरं मी पाहिली आहेत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, एक बोट आत जाईल इतपत घट्ट बांधा. दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा घ्या आणि दोन्ही लिहा. नाडी अडखळती असेल तर तीनदा घेऊन सरासरी काढा, कारण घरचं मशीन हाताच्या स्पंदनांवरून हिशेब करतं आणि लय बिघडली की तेही गोंधळतं.

वरचा आकडा ९० किंवा त्याखाली आला, अथवा रोजच्यापेक्षा ३०-४० नं खाली गेला, तर बीपीची पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला. १८० च्या वर असेल तर आधी साधी कारणं शोधा : वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, मुडपलेली कॅथेटरची (लघवी पिशवीत नेणारी) नळी. त्याबरोबर तोंड वाकडं झालं असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एका बाजूची ताकद गेली असेल तर शोध घेत बसू नका, लगेच निघा.

ताप

डिजिटल थर्मामीटर घ्या. पाऱ्याचा फुटला तर पारा गादीत जातो. मुंबईच्या दमटपणात काख कायम घामेजलेली असते, ती आधी टिपून कोरडी करा, टोक काखेच्या खळग्यात नीट बसवा आणि हात अंगाशी धरून ठेवा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइटनं कमी येतो. कपाळावर रोखायची गन पंख्याखाली, एसीत किंवा स्पंजिंगनंतर भरवशाची नाही.

वय झालेल्या माणसाला मोठा संसर्ग होऊनही १०० च्या वर ताप चढत नाही असं बरेचदा होतं. रोज ९७.२ असणाऱ्या आजींना ९९.३ आलं, तर तो त्यांचा तापच. उलट ९५ किंवा कमी आलं तर तेही गंभीर. थंडी वाजून कापरं भरलं तर आकडा काहीही असो, कळवा.

मशीनशिवाय दिसणारं

शुद्ध रोज तपासा. हाक मारल्यावर डोळे उघडतात का, नेहमीची माणसं ओळखतात का, नेहमीएवढंच बोलतात का. गोंधळ, बडबड, रात्री अंथरूण ओढणं हे घरच्यांच्या लगेच लक्षात येतं. त्याउलट गप्प होऊन झोपेत राहणं ‘आज शांत आहेत’ म्हणून सोडून दिलं जातं. नव्यानं आलेली गुंगी ही आजारपणाची खूण आहे, तिला आराम समजू नका.

कॅथेटर असेल तर लघवी मोजणं सोपं आहे. साधारण हिशेब तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३०. सहा तासांत पिशवीत १८० पेक्षा कमी असेल तर आधी नळी बघा. कूस बदलताना ती मांडीखाली दबलेली असते. नळी मोकळी असूनही लघवी कमी असेल, गढूळ किंवा रक्ताळलेली असेल तर फोन करा. डायपर असेल तर किती डायपर किती भिजले ते लिहा.

दर दोन तासांनी कूस बदलताना माकडहाड, खुबे, टाचा उजेडात बघा. बोटानं दाबल्यावर न फिटणारी लाली म्हणजे बेडसोअरची सुरुवात. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे काळसर डाग, ऊब किंवा कडकपणा हातानं तपासा. आणि दोन्ही पोटऱ्या रोज एकमेकींशी ताडून बघा : एकच सुजलेली, गरम किंवा दुखरी असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिला मालिश करू नका, डॉक्टरांना दाखवा.

आकडे एकत्र वाचणं

समजा, लालबागच्या चाळीतल्या ७८ वर्षांच्या आजी आहेत. सोमवारी श्वास १६, नाडी ७२, ऑक्सिजन ९६, पेज पूर्ण घेतली. बुधवारी १९, ७८, ९५, पेज अर्धी. गुरुवारी सकाळी २३, ८२, ९४ आणि हाकेला उशिरानं ओ. एकेक आकडा वेगळा बघितला तर घाबरावं असा एकही नाही. एका ओळीत ठेवून बघा, तीन दिवसांत छाती भरत आली आहे.

हॉस्पिटलात असं एकत्र वाचण्यासाठी गुणांची एक पद्धत वापरतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं ती २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. तिला न्यूज-२ म्हणतात. प्रत्येक खुणेला शून्य ते तीन गुण, बेरीज पाच झाली की तातडीनं डॉक्टर, सात झाली की आणीबाणी. आजींच्या गुरुवारच्या नोंदीला श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, नव्या गुंगीचे ३, असे सहा गुण होतात. बुधवारी फक्त एक होता. तरीही बुधवारी अर्धी राहिलेली पेज वहीत आहे, आणि ती बघून त्याच संध्याकाळी कुणी डॉक्टरांना बोलावलं असतं तर एक पूर्ण रात्र हाती आली असती. घरी गुण मोजलेच पाहिजेत असं नाही. तीन दिवसांच्या ओळी एकाखाली एक वाचा, एवढं पुरतं.

गादीखालची यंत्रं आणि घड्याळं

गादीखाली ठेवायचा सेन्सरचा पट्टा आता आपल्याकडेही मिळतो. बंगळुरूच्या डोझी या कंपनीचं असं यंत्र भारतात वापरात आहे. हृदयाच्या ठोक्यानं आणि श्वासानं शरीराला जी बारीक कंपनं होतात, ती हा पट्टा टिपतो. अंगाला काही चिकटवावं लागत नाही आणि रात्रभर श्वासाची नोंद राहते, हा मोठाच फायदा. रात्री एकटे जोडीदार सांभाळत असतील तिथे मी हा पर्याय जरूर सुचवते. घेण्याआधी एवढं विचारा : आमच्या एअर बेडच्या चालू पंपासह ते नीट चालतं का, शेजारी दुसरं माणूस झोपलं तर काय, वायफाय गेलं तर नोंद राहते का, आणि रात्री तीन वाजता इशारा आला तर तो कुणाच्या फोनवर वाजणार. शेवटच्या प्रश्नाला घरातून ठोस नाव मिळत नसेल तर यंत्र घेऊन उपयोग नाही.

मनगटी घड्याळ हृदयगतीचा कल सांगतं, पण म्हाताऱ्या पातळ त्वचेवर पट्ट्यानं जखम होते. दिवसातून दोनदा काढून त्वचा बघा. बोटाला न टोचता रक्तातली साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या मात्र घेऊच नका. अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही, असा इशारा औषधं आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. इन्सुलिनचा डोस तसल्या आकड्यावर ठरवणं जिवावर बेतू शकतं. साखरेसाठी ग्लुकोमीटरच.

सगळ्या यंत्रांच्या जादा बॅटऱ्या घरात हव्यात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या माणसांच्या घरी काय धावपळ झाली असेल याचा विचार करा, आणि ऑक्सिजनचा भरलेला एक छोटा सिलिंडर शेजारी ठेवा.

ड्यूटी बदलताना

ब्युरोच्या मावशींची ड्यूटी बारा तासांची. सकाळी आठ आणि रात्री आठ या दोन वेळांना माहिती हरवते. एकीला लोकल पकडायची असते, दुसरी उशिरा पोचलेली असते. दोघींना पाच मिनिटं एकत्र पलंगाशी उभं करा आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचायला लावा. मावशींना वाचता येत नसेल तर आकडे तरी बहुतेकींना येतात, रकान्यांवर चित्रं काढून द्या. त्यांनी काही वेगळं दिसल्याचं सांगितलं तर ते ऐका. चोवीस तासांतले बारा तास रुग्णाशेजारी त्या असतात. पुण्यातल्या, अमेरिकेतल्या भावंडांना प्रत्येक आकडा पाठवण्याऐवजी दिवसाच्या पानाचा एक फोटो ग्रुपवर टाका.

किती वेळा मोजायचं हे पुढे बदलतं. दोन-तीन आठवडे सगळं स्थिर असेल तर श्वास, ताप आणि शुद्ध रोज, बाकीचं डॉक्टर सांगतील तसं. आणि आजार शेवटच्या टप्प्यात आहे, आता हॉस्पिटल नको, वेदना नको, असं घरानं आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं असेल, तर बीपीचा पट्टा आवळणं थांबवा. तेव्हा बघायचं ते दुखतंय का, घुसमट होतेय का, तोंड कोरडं पडलंय का.

फोन करण्याची वेळ आली तर

डॉक्टरांना ‘बरं वाटत नाहीये’ एवढंच न सांगता असं सांगा : ‘श्वास २६, काल १८ होता. ऑक्सिजन ९२. बीपी ९८ वर ६०, एरवी १४० असतं. सकाळपासून गुंगीत आहेत, लघवी कमी.’ एवढ्यावर त्यांना निर्णय घेता येतो.

रुग्णवाहिकेसाठी १०८. पत्त्याबरोबर विंग, मजला, लिफ्ट आहे का आणि तिच्यात स्ट्रेचर मावतं का हेही सांगा. अनेक इमारतींच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही आणि चाळीच्या लाकडी जिन्यात वळत नाही. म्हणून हात असलेली मजबूत खुर्ची आणि उचलायला येणाऱ्या चार शेजाऱ्यांचे नंबर आधीच ठरवून ठेवा. खुर्चीतून उतरवणं रुग्णाला झेपेल का, की चादरीत आडवंच न्यायचं, हे डॉक्टरांना आजच विचारून घ्या. पावसाळ्यात हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा पाणी तुंबणाऱ्या जागांच्या पलीकडचं हॉस्पिटल एकमेव पर्याय ठेवू नका. अनंत चतुर्दशीला लालबाग-गिरगाव भागात रस्ते बंद असतात, तेव्हा आपल्या बाजूचं कोणतं हॉस्पिटल उघड्या रस्त्यानं गाठता येईल ते आदल्या दिवशी बघून ठेवा. निघताना वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत बरोबर घ्या. कॅज्युअल्टीत पोचल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या हातात आधी वहीचं शेवटचं पान द्या.